बांधावरची नावं

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

आम्ही तळ्याच्या बायका बोलतोय. हातातलं काम सोडू नका. भाजी निवडता निवडता ऐकलंत तरी चालेल. आज आम्ही तुम्हाला आमची एक सहल सांगणार आहोत. सहल म्हटलं तरी तिच्यामागे एक प्रश्न होता.

आमच्या गटातल्या एका मैत्रिणीचं मांदाडच्या खाडीकाठी सव्वा एकर खार शेत आहे. म्हणजे तिच्या नवऱ्याच्या नावावर आहे. चार पावसाळ्यांपूर्वी उधाणाच्या भरतीत बाहेरच्या बांधाला खांड पडली आणि खारं पाणी आत शिरलं. तेव्हापासून तिथे भात पिकलेलं नाही. कोवळी तिवरं मात्र वर यायला लागली आहेत. आता जमीन घेणारा एक माणूस खेपा घालतोय. माघ महिन्यातल्या बैठकीत तिनं सरळच विचारलं, "विकून टाकू का गं? त्या चिखलात आता काय ठेवलंय?"

आमच्यापैकी कुणालाच उत्तर देता आलं नाही. सगळ्याजणी खाडीच्या आसपास वाढलेल्या, खाडीचं कालवण खाल्लेल्या. पण तो बांध कधी घातला, कुणी घातला, तो कसा राखायचा, हे नीट सांगणारी एकही नव्हती. मग ठरलं की चिखलात काय ठेवलंय ते आधी पाहून यायचं.

सुरुवात घराजवळूनच केली. आमच्या गावाचं नावच तळा. वर तळगडावर खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, ती आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. तिथून आम्ही कुड्याच्या लेण्यांवर गेलो. समोर खाडी, पाठीशी डोंगर आणि डोंगरात कोरलेली २६ लेणी. दोन हजार वर्षांपूर्वी ही खाडी मोठ्या व्यापाराची वाट होती. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासपुस्तकात 'मंदगोरा' नावाचं बंदर आलेलं आहे. ते म्हणजे आपलं मांदाड, असं अनेक अभ्यासक मानतात.

आमच्याबरोबर शाळेतल्या एक बाई होत्या. लेण्यांतले ब्राह्मी लेख अभ्यासकांनी वाचून छापलेले आहेत, ते त्यांनी उतरवून आणले होते. एका लेण्यापाशी उभं राहून त्यांनी वाचून दाखवलं. हे लेणं आणि त्याबरोबरची 'पोढी' हे पदुमणिका नावाच्या भिक्षुणीचं दान आहे. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. पदुमणिका ही नागणिका नावाच्या भिक्षुणीची मुलगी. बोधी आणि असाळ्हमिता या तिच्या शिष्या, त्यांचीही नावं त्याच लेखात आहेत. म्हणजे आई, मुलगी आणि दोन शिष्या, अशा चार बायकांची नावं एका पाण्याच्या टाक्यापाशी दगडावर राहिली. दुसरीकडे भयिला नावाच्या ब्राह्मण बाईनं चैत्यगृह दिलेलं आहे. आणखी एका लेखात शिवम नावाच्या माणसाच्या लेण्यातले खांब त्याच्या मुलींनी दिल्याची नोंद आहे, आणि त्या मुलींची नावंही आहेत.

आमची ती मैत्रीण बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "हिचं टाकं हिच्या नावावर आहे. आमच्या बांधावर माझ्या सासूनं जन्म काढला, तिचं नाव कुठे आहे?"

हा दुसरा प्रश्न आम्ही मनाशी बांधला आणि पुढे निघालो.

आता डोंगराकडच्या मैत्रिणींसाठी खार जमीन म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. खाडीला दिवसातून दोनदा भरती येते. काठच्या सपाट चिखलावर खारं पाणी चढतं आणि उतरतं. त्या चिखलाभोवती मातीचा उंच बांध घालून भरतीला बाहेर अडवलं, की आतली जमीन हळूहळू गोडी होते. आपल्या किनाऱ्यावर अशी हजारो एकर जमीन माणसांनी खाडीकडून मागून घेतलेली आहे. पेण-अलिबागकडे या पट्ट्याला खारेपाट म्हणतात.

बांध घालण्याचा हंगाम पावसाळा सरल्यावरचा, आणि दिवस भांगाचे. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी चढतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा भरती मोठी नसते. सगळ्या बांधाचं काम आधी उरकायचं आणि शेवटचं तोंड भांगाच्या ओहोटीला बुजवायचं. पुढची भरती यायच्या आत ते तोंड बंद झालं नाही, तर केलेली मेहनत पाण्यात. म्हणून त्या दिवशी घरटी माणसं लागत. चिखलाची ढेपळं कापायची, ती हातोहात पुढे द्यायची, पेंढा आणि काटक्या घालून थरावर थर बसवायचे. कापणारे बहुतेक पुरुष, आणि पाट्या वाहणाऱ्या बहुतेक बायका.

बांधात एक दार ठेवतात, ती उघाडी. लाकडी फळीचं हे दार वरच्या बाजूला अडकवलेलं असतं आणि खाली मोकळं असतं. भरती आली की बाहेरचं पाणीच फळीला आत दाबतं आणि दार बंद होतं. ओहोटीला आतलं पाणी फळी बाहेर ढकलतं आणि पावसाचं साचलेलं पाणी खाडीत निघून जातं. चंद्राच्या तालावर दार आपोआप उघडतं आणि मिटतं. गोव्यात खाजण शेतीत अशाच दाराला मानस म्हणतात.

आषाढातला पहिला मोठा पाऊस जमिनीतलं मीठ धुऊन काढतो. मग मोड आणलेलं बी चिखलात फेकतात, त्याला रहू म्हणतात. काळा राता, भुरा राता, मोरचुका हे आपले जुने भात खारटपणा सोसणारे आहेत. पुढे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रानं खार जमिनीसाठी पनवेल १, २, ३ अशा जाती काढल्या. भात वर्षातून एकदाच. पण उघाडीच्या तोंडाशी चिंबोरी, कोलंबी, बोय आणि निवट्या मिळत. त्यामुळे भात सरला तरी खाडीकाठच्या घरात कालवणाला काही ना काही असायचं.

हे सगळं चालू असलेलं पाहायचं म्हणून आम्ही एक गाडी केली. इंदापूरला महामार्गाला लागलो आणि कोलाड, नागोठणे, वडखळ करत पोयनाडला पोहोचलो. तिकडे हाशिवरे, शहापूर, धेरंड या गावांकडे घराशेजारी तळी दिसतात. आंगण असावं तसं तळं. एका काकींनी सांगितलं, की खारेपाटात घराचं जोतं उंच करावं लागतं. त्यासाठी माती काढली, खड्डा राहिला, तो पावसानं भरला, आणि त्यात जिताडा सोडला.

जिताडा तुम्हाला ठाऊक आहेच. रायगडात लग्नाच्या बोलण्यांपासून साहेबाच्या पाहुणचारापर्यंत सगळीकडे त्याचं नाव निघतं. पण त्याचा जीवनक्रम आम्हाला तिथे पहिल्यांदा कळला. जिताडा गोड्या पाण्यात वाढतो, पण तिथे अंडी घालत नाही. त्याला खारं पाणीच लागतं. पावसाळ्यात त्याची बारीक पिल्लं खाडीच्या आणि तिवरांच्या आसऱ्याला येतात. ती पकडून आणून लोक तळ्यात सोडतात. एका मापाची पिल्लं एकत्र सोडायची, कारण मोठा लहानाला गिळतो. खायला लहान मासळी घालावी लागते. दोन-तीन वर्षं धीर धरला तर मासा चांगला भरतो. आणि हे ऐका, जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर त्याची मादी होते. हे ऐकून आमच्यातल्या एकीनं विचारलं, "म्हणजे अक्कल आल्यावर?" काकी इतक्या हसल्या, की पदर तोंडाला लावावा लागला.

१९९७ मध्ये चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेनं जिताड्याची पिल्लं बंदिस्त जागेत तयार करण्यात यश मिळवलं. त्यामुळे आता विकतची पिल्लंही मिळू शकतात. तरी काकींचा भर खाडीवरच होता. त्या म्हणाल्या, "तिवरं तोडशील तर पिल्लू कुठनं आणशील?" आम्ही बांधाला आणि तिवरांना एकमेकांचे वैरी समजत आलो होतो. तिथे कळलं, की बांधाबाहेरची तिवरं लाटेचा मार स्वतः खातात आणि बांध वाचवतात. बांधाच्या आत भात, बाहेर तिवरं, आणि तिवरांच्या मुळाशी आपल्या तळ्यातला उद्याचा मासा. यातलं एक जरी मोडलं, तरी बाकीच्यांना धक्का बसतो.

त्याच रस्त्यावर चरी गाव आहे. शाळेत त्याबद्दल चार ओळी असतात. त्या चार ओळींत किती दिवस मावले आहेत, ते तिथे उभं राहिल्यावर समजतं. जमीन खोताची, राबणारं कूळ. बांध घातला कुळानं, खांड बुजवली कुळानं, आणि पीक आलं की मोठा वाटा खोताच्या घरी. पूर्वी काही खार जमिनींवर शिलोत्री नावाची पद्धत होती. त्यात बाहेरच्या बांधाच्या डागडुजीसाठी म्हणून कुळाकडून सरकारी साऱ्याशिवाय धान्यही घेतलं जाई. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरीत नारायण नागू पाटील यांच्या पुढाकारानं शेतकऱ्यांनी संप पुकारला. २५ गावांनी खोतांची जमीन कसायची नाही असं ठरवलं आणि हा संप १९३९ पर्यंत चालला. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला आले, संपाच्या पाठीशी उभे राहिले, आणि १९३७ मध्ये त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्यासाठी विधेयक मांडलं.

सहा वर्षं घरात स्वतःच्या शेतातलं भात नाही. चूल कशी पेटली असेल, हे आम्हा बायकांना कुणी समजावून सांगायला नको. संपाच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावं आहेत, आणि ती असायलाच हवीत. त्या सहा वर्षांत रोज संध्याकाळी तांदळाच्या रिकाम्या मडक्यात हात घालणाऱ्या बाईचं नाव मात्र आम्हाला कुठे वाचायला मिळालं नाही.

पुढे स्वातंत्र्य आलं. १९४८ चा कूळकायदा झाला, १९४९ मध्ये खोती नष्ट करणारा कायदा झाला, आणि जमीन कसणाऱ्यांच्या हाती येऊ लागली. १९४८ मध्येच खार जमिनींसाठी कायदा झाला आणि १९७९ मध्ये महाराष्ट्राचा खार जमीन विकास कायदा आला. सरकारी योजनेतून पक्के बांध झाले, सिमेंटच्या उघाड्या झाल्या. ही मोठीच मदत होती. पण तिकडच्या एका आजींनी त्याची दुसरी बाजू सांगितली. पूर्वी गाव मिळून बांध राखत असे, त्याला जोळ म्हणत. उधाणाच्या रात्री कंदील घेऊन माणसं बांधावर फिरत. कुठे खेकड्याचं बीळ दिसलं, की लगेच चिखल थापत. बांध सरकारचा झाला आणि रात्रीची फेरी थांबली. आजी म्हणाल्या, "बाय, बांध म्हंजी तान्हं पोर. नजर काढलीस का गेलंच."

माणसं मुंबईला गेली, कारखान्यांत गेली. राखायला घरात म्हातारी माणसं उरली. बारीक बीळ मोठं झालं, बिळाची खांड झाली, आणि एका उधाणात अख्खं शेत खाडीत गेलं. अशा शेतात तिवरं रुजली, की पुढे गुंता वाढतो. मुंबई उच्च न्यायालयानं २००५ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये तिवरांच्या रक्षणासाठी कडक आदेश दिले. ते आवश्यकच होते, मगाशी जिताड्याच्या पिल्लांचं सांगितलं तेव्हा ते तुमच्याही लक्षात आलं असेल. पण खांड वेळेवर न बुजल्यामुळे ज्याच्या भाताच्या जागी तिवरं आली, तो शेतकरी मधल्यामध्ये अडकला. म्हणून खांड पडली त्याच वर्षी बुजवणं हाच खरा उपाय आहे.

इथे आम्हाला दूरच्या एका बेटाची गोष्ट सांगायची आहे. शाळेतल्या बाईंनी ती परतीच्या गाडीत सांगितली. पॅसिफिक महासागरात हवाई बेटं आहेत. तिथले मूळ लोक किनाऱ्याला दगडी भिंत घालून समुद्रात तळी करत. भिंतीच्या दाराला काठ्यांची जाळी बसवत. बारीक पिल्लू फटीतून आत यायचं, तळ्यातलं शेवाळ खाऊन जाड व्हायचं, आणि मग त्याच फटीतून त्याला बाहेर जाता यायचं नाही. त्यांचा मुख्य मासा कोणता, माहीत आहे? आपली बोय. एका तळ्याची गोष्ट तर अशी, की मेनेहुने नावाच्या बुटक्या लोकांनी रांग लावून, दगड हातोहात देत, ते एका रात्रीत बांधलं. आम्हाला हसू आलं. आपल्याकडेही डोंगरात लेणं दिसलं, की पांडवांनी एका रात्रीत कोरलं म्हणतात. खरे हात विसरले, की मग गोष्टीतले हात येतात. कुड्याला मात्र लेख वाचले गेले आणि पांडवांच्या जागी पदुमणिका उभी राहिली.

त्या हवाईतल्या ओआहू बेटावर हेएइया नावाचं तळं आहे. भिंत सुमारे दोन किलोमीटर लांब, तळं ८८ एकरांचं, काही शतकांचं जुनं. १९६५ च्या पुरात तिथली भिंत फुटली. आपल्या भाषेत खांडच पडली. तळं ओस पडलं आणि परदेशी तिवरांनी भरून गेलं. २००१ मध्ये तिथल्या तरुण मंडळींनी संस्था काढली. आठवड्यामागून आठवडे लोक जमत, हातोहात दगड देत आणि भिंत वर आणत. २०१५ च्या डिसेंबरमध्ये शेवटची खांड बुजली. पन्नास वर्षांनी. हे ऐकल्यावर आमच्या मैत्रिणीनं बोटं मोजली आणि म्हणाली, "माझी तर चारच वर्षं झालीत."

परत आल्यावर आम्ही कामाला लागलो. खांड बुजवावी म्हणून अर्ज लिहिला, १७ जणींनी सह्या केल्या, आणि तो एका कार्यालयात नेऊन दिला. तिथल्या माणसानं सह्या पाहिल्या आणि अर्ज परत केला. म्हणाला, "खातेदारांच्या सह्या आणा." सतरा जणींपैकी सातबारावर नाव होतं फक्त दोघींचं. बाकीच्या पंधरा जणींनी त्या जमिनीत जन्म घालवला, पण त्यांची सही म्हणजे शाईचा डाग.

त्या दिवशी बांध आणि नाव हे दोन्ही प्रश्न एकच आहेत, हे आम्हाला नीट कळलं. ज्याचं नाव कागदावर, तो मुंबईला. जी बांधावर, तिला विचारणारं कुणी नाही. खांड दिसते बाईला, अर्ज करायचा पुरुषानं, आणि तो येतो गणपतीला. तोवर दोन उधाणं येऊन जातात.

मैत्रिणींनो, नवऱ्याच्या हयातीतच त्याच्या जोडीनं बायकोचं नाव सातबारावर लावता येतं. शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली, आणि १९९२ मध्ये सरकारनंही ती योजना म्हणून स्वीकारली. नवऱ्यानं तलाठ्याकडे अर्ज द्यायचा. हे भांडून करायचं काम नाही. जेवण झाल्यावर, सुपारी कातरताना काढायचा विषय आहे. आमच्यातल्या पाच जणींनी तो काढला. तिघींच्या घरी 'बघू' असं उत्तर मिळालं. एकीच्या घरी दोन दिवस अबोला झाला. आणि एकीचा नवरा, म्हणजे जिच्यापासून ही गोष्ट सुरू झाली तिचाच, शिमग्याला आला तेव्हा तिच्याबरोबर तलाठ्याकडे गेला.

जमिनीचं तिनं काय ठरवलं? सध्या विकायची नाही. तिवरं उगवलेला भाग आहे तसाच राहील, त्याला हात लावायचा नाही. वरच्या अंगाला बांध अजून धड आहे, तो या मे महिन्यात आम्ही सगळ्या मिळून चिखलानं लिंपला. आणि तिच्या घरामागे सासूच्या हातचं एक जुनं तळं होतं, गाळानं भरलेलं. तो गाळ काढला. पावसानं तळं भरलं, की पोयनाडच्या काकी पिल्लं द्यायला तयार आहेत. नाव लागल्यावर बांधाचा अर्ज पुन्हा जाईल आणि त्यावर एक सही खातेदाराची असेल. खांड बुजेल की नाही, हे आम्ही आज सांगू शकत नाही. बुजली नाही तर शेत खाडीचंच होईल, हेही तिला ठाऊक आहे.

गाळ काढताना तळाशी एक फुटकी पाटी सापडली. लोखंडाची, बूड गेलेली. मैत्रिणीनं ती धुतली आणि ओट्यावर ठेवली. मग आम्ही तिच्या सासूचं नाव वहीत लिहिलं. त्याखाली तिच्याबरोबर बांधावर जाणाऱ्या जेवढ्या बायका आठवल्या, तेवढ्यांची नावं लिहिली. काहींचं फक्त माहेर आठवलं, काहींचं फक्त 'अमक्याची आई' एवढंच. ती जागा रिकामी ठेवली आहे.

तेव्हा ऐकणाऱ्या मैत्रिणींनो, तुमच्या घरात सत्तरी ओलांडलेली कुणी असेल, तर आज तिच्याजवळ बसा. बांध घालायला तू गेली होतीस का, तुझ्याबरोबर कोण कोण होतं, तोंड बुजवलं त्या दिवशी काय काय झालं, हे विचारा. नावं लिहून आमच्याकडे पाठवा, आम्ही ती इथून वाचून दाखवू. आणि येत्या पौर्णिमेला उधाण आहे. तुमचं शेत खाडीकाठी असेल, तर संध्याकाळी एकदा बांधावरून फिरून या.